पहिला डेस्कटॉप: आधी वीज बघा, मग प्रोसेसर

प्रश्न: मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो, बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. मॉनिटर आणि यूपीएस धरून ४५ हजारांत पहिला डेस्कटॉप स्वतः जोडायचा विचार आहे. वापर म्हणाल तर प्रोग्रामिंग, बाबांच्या दुकानाचं टॅली, आमच्या मंडळाच्या घुमट वाजवून होणाऱ्या आरतीचं मोबाईलवर केलेलं चित्रीकरण एडिट करणं आणि कधीतरी गेम. एका दुकानदाराने दिलेली यादी अशी: आय३-१२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम, २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, २ जीबीचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, आणि चार आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पंख्यांचं कॅबिनेट ‘५०० वॉट एसएमपीएससह’. ही यादी बरोबर आहे का? रॅम महाग झाली आहे म्हणून थांबू का? आमच्याकडे लाईट सारखी जाते-येते, आणि कॅबिनेटला हात लावला की करंट लागतो असं मित्र सांगतो, ते खरं का?

उत्तर: यादीत दोन गोष्टी काढायच्या, आणि बोर्ड सोडून बाकीच्या बदलायच्या. पण सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करू, कारण पैसा वाया जातो तो बहुधा तिथेच.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणं खरं आहे. त्यात मशीनचा दोष क्वचितच असतो. एसएमपीएसच्या, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागणाऱ्या कमी दाबात बदलणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले असतात, आणि तो पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल हे गृहीत धरलेलं असतं. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर साधारण अर्धा दाब, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने जीवाला सहसा धोका नसतो. पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबीची तार लावताना हाच दाब पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळू शकतो.

तेव्हा पार्ट मागवण्याआधी वायरमनला बोलवा आणि ज्या प्लगवर मशीन लागणार तिथे मल्टिमीटरने तीन मोजमापं करून घ्या. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास हवं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल किंवा आकडा भरकटत असेल तर त्या प्लगची अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे, नाहीतर कधी जोडलेलीच नाही. जुन्या चिरेबंदी घरात मागाहून काढलेल्या पॉइंटला हे नेहमी दिसतं. अर्थ आहे पण कमकुवत आहे, असंही होतं. आपल्याकडची जांभ्याची जमीन मार्च ते मे कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा नीट काम करत नाही. त्या दिवसांत त्यात पाणी ओतत राहावं लागतं. आणि तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या कन्व्हर्टरमध्ये घालून मशीन चालवत असाल तर वरचा सगळा खर्च फुकट.

आता एसएमपीएस. तुमच्या यादीतला सगळ्यात वाईट पार्ट हाच आहे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. १५ अँपिअर असतील तर १८० वॉट झाले. बाकीचे ३२० वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रांगांवर दाखवलेले असतात, आणि आजचं मशीन त्या रांगांवरून फार थोडं घेतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. चांगल्या कंपनीच्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच गुणाकार साडेचारशेच्या अगदी जवळ येतो.

तुम्ही म्हणाल, आय३चं मशीन भर कामात शंभर-सव्वाशे वॉटच खातं, मग १८० पुरत नाहीत का? पुरतात, दाब स्थिर असेपर्यंत. लाईट गेली-आली, दाब २६०ला चढला, की स्वस्त एसएमपीएसमध्ये तो थोपवणारी सर्किटंच नसतात. मरताना असा एसएमपीएस बोर्ड आणि एसएसडीलाही सोबत घेऊन जाऊ शकतो. म्हणून ४५० किंवा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ छाप असलेला आणि किमान तीन वर्षांची, मिळाली तर पाच वर्षांची वॉरंटी असलेला सुटा एसएमपीएस घ्या. ब्रॉन्झ हा शिक्का मुळात वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. वॉरंटीची वर्षं त्याहून जास्त बोलतात. ३,५०० रुपये यासाठी बाजूला ठेवा. पुढे कधी १३० वॉटचं ग्राफिक्स कार्ड घ्यावंसं वाटलं तर हाच चालेल.

यूपीएस ६०० व्हीएचा, लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा. हा आतल्या आत दाब थोडा वरखाली करून घेतो, दर हेलकाव्याला बॅटरीवर जात नाही, म्हणून वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. हलकं काम चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटं मिळतात, एडिटिंगचं रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) चालू असेल तर त्याहून बरीच कमी. ती वेळ काम सेव्ह करून मशीन बंद करण्यासाठी आहे, काम पूर्ण करण्यासाठी नाही. मॉनिटर आणि कॅबिनेट यूपीएसवर. लेझर प्रिंटर कधीच नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च लक्षात असू द्या.

कार्ड काढा, शेवटचा एफ काढा

जीटी ७३० हे २०१४चं कार्ड. त्याला नवे ड्रायव्हर येणं केव्हाच थांबलंय. दुकानदाराने ते यादीत का घातलं याचं उत्तर प्रोसेसरच्या नावात आहे: १२१००एफ. इंटेलच्या नावात एफ असला की आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणून पडद्यावर चित्र आणायला काहीतरी कार्ड लावावंच लागतं. नुसता आय३-१२१०० घ्या. चार कोअर, आठ थ्रेड, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स. कार्डाचे पैसे वाचले, त्यातून एफ आणि नुसत्या १२१००मधला फरक भरून वर काही उरेल.

गेम हा मुख्य वापर असता तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुचवला असता. सहा कोअर आणि आतलं ग्राफिक्स यूएचडी ७३०पेक्षा बरंच सरस. पण तुम्ही गेमबद्दल ‘कधीतरी’ लिहिलंय आणि एडिटिंगबद्दल तसं नाही. हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी पद्धतीने चित्रीकरण साठवतात आणि ते उलगडायला इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची स्वतंत्र यंत्रणा आहे. एडिटर ती वापरत असेल तर टाइमलाइन पुढेमागे सरकवताना मशीन अडखळत नाही. शिवाय याच बोर्डवर पुढे सहा कोअरचा आय५-१२४०० बसतो. व्हॅलोरंटसारखा गेम कमी सेटिंगवर १२१००च्या ग्राफिक्सवरही चालतो. जड गेमची अपेक्षा धरू नका.

प्रोसेसर कंपनीच्या खोक्यातला घ्या. ‘ट्रे’ किंवा ‘ओईएम’ म्हणून सुटा मिळतो, तो थोडा स्वस्त पडतो. पण त्याबरोबर कूलर येत नाही आणि वॉरंटीसाठी ज्याने विकला त्याच्याच दारात उभं राहावं लागतं.

एच६१० बोर्ड ठीक आहे. घेताना चार गोष्टी बघा: एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असून तो एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) चालवतो ना, रॅमचे दोन स्लॉट, मागे एचडीएमआय, आणि पंख्यासाठी प्रोसेसरचं सोडून आणखी किमान एक कनेक्टर. बाराव्या पिढीचा प्रोसेसर एच६१०वर जसा आहे तसा चालतो. दुकानदाराने ‘त्याच किमतीत चौदावी पिढी देतो’ म्हटलं तर बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारा त्यातला मूळ प्रोग्राम) अपडेट करून द्यायला सांगा, नाहीतर जुन्या बायोसवर डिस्प्लेच येणार नाही.

रॅमसाठी थांबू का?

२०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढले, एआयच्या सर्व्हरांसाठी कारखान्यांचा माल तिकडे वळला म्हणून. एसएसडीही त्यामागे गेली. कधी उतरतील यावर पैज लावून कॉलेजचं वर्ष घालवू नका. मात्र हिशेब वेगळा करा. एच६१० बोर्ड दोन प्रकारचे मिळतात, काही डीडीआर४ रॅमचे, काही तिच्या पुढच्या पिढीच्या डीडीआर५चे. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. म्हणून नुसत्या बोर्डाची किंवा नुसत्या रॅमची किंमत विचारू नका. ‘बोर्ड अधिक १६ जीबी’ असा जोडीचा भाव दोन्ही प्रकारांत एकाच दिवशी घ्या आणि जो कमी पडेल तो उचला. या प्रोसेसरला वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

१६ जीबी म्हणजे ८च्या दोन पट्ट्या. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, रॅममधूनच उसनी घेतं. एकाच पट्टीवर त्याची वाट निम्मी होते. आज दोन परवडत नसतील तर ८ची एक घ्या आणि दुसरी, अगदी त्याच मॉडेलची, दोन-तीन महिन्यांनी. ४च्या दोन मात्र घेऊ नका. दोन्ही स्लॉट अडतात आणि पुढे त्या काढून टाकण्यावाचून मार्ग राहत नाही.

जुनी घ्यायचीच असेल तर रॅम घ्या. सगळ्या मशीनमध्ये वापरलेला घ्यायला त्यातल्या त्यात निर्धोक असे दोनच पार्ट, रॅम आणि प्रोसेसर. रॅमवर मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर परत. एसएमपीएस आणि एसएसडी जुनी नको, दोघांचंही आयुष्य वापराने झिजतं आणि बाहेरून ते दिसत नाही.

साठवणीसाठी २५६ची एसएसडी आणि हार्ड डिस्क हा मेळ सोडा. विंडोज, टॅली, प्रोग्रामिंगची साधनं आणि एक-दोन गेम यांत २५६ भरून जाते, आणि मग एडिटिंग हार्ड डिस्कवर ढकलावं लागतं. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई तीन हजारांच्या आसपास. ५०० जीबीची एकच एनव्हीएमई घ्या. एक तासाचं फुल एचडी चित्रीकरण साधारण ८ ते १० जीबी होतं, म्हणजे एका चवथीचं (गणेश चतुर्थीचं) काम तिच्यावर आरामात मावेल. जुनी रेकॉर्डिंगं साठवायला हार्ड डिस्क नंतर जोडा. बोर्डवर साटाचे (हार्ड डिस्क जोडायचे) पोर्ट मोकळेच राहणार आहेत.

कॅबिनेटला समोर जाळी हवी, काच नको. दोन पंखे पुरे, पुढचा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. आरजीबीचे पैसे रॅमकडे वळवा.

एकूण मांडणी अशी धरा: मॉनिटर ८ हजार, यूपीएस ३, एसएमपीएस साडेतीन, कॅबिनेट अडीच, प्रोसेसर ११ आणि बोर्ड साडेपाच हजारांच्या आत, कीबोर्ड-माउस १ हजार. उरलेल्या साडेदहा हजारांत रॅम आणि एसएसडी बसवायची. भाव फारच वर असतील तर कात्री मॉनिटरला लावा. घरच्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर काही महिने त्यावर भागवा. एसएमपीएस आणि यूपीएसला हात लावू नका.

जोडताना

आधी सगळं कॅबिनेटच्या बाहेर जोडून बघा, बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून. पावसाळ्यात कुरिअरने आलेला पार्ट लगेच उघडू नका. दोन-तीन तास खोलीत राहू दे, मग पुडा फोडा.

इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसापेक्षा बारीक. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवा, प्रोसेसर सरळ खाली ठेवा, दाबू किंवा सरकवू नका. मग दांडी खाली ओढा. जोर लागतो, कुरकुर आवाज येतो, त्याने घाबरू नका. काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला पाठवताना सॉकेटवर ते नसेल तर वाकलेल्या पिना तुमच्या नावावर पडतात.

कूलरच्या खाली पेस्ट लावलेलीच असते, वेगळी लावू नका. त्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने, तिरक्या क्रमाने दाबा आणि मग बोर्ड उलटा करून बघा: चारही टोकं मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक जरी अर्धवट असली तर कूलर तिरका बसतो, प्रोसेसर तापतो, मशीन मंद होतं आणि मग लोक विंडोजला शिव्या देतात. पंख्याची तार ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी. रॅम दोन्ही टोकांना ‘टक’ आवाज येईपर्यंत. एम.२ एसएसडी तिरकी घालून खाली दाबायची आणि स्क्रूने धरायची. तो बारीक स्क्रू बोर्डाच्या खोक्यात वेगळ्या पुडीत असतो. आधी शोधून ठेवा, नाहीतर पुडीसकट कचऱ्यात जातो.

एसएमपीएसच्या दोन तारा बोर्डाला: २४ पिनेची मोठी, आणि प्रोसेसरजवळची, जिच्यावर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं. तशीच दिसणारी ‘पीसीआयई’ लिहिलेली तार कार्डासाठी असते. ती जोर करून तिथे घुसवू नका. एचडीएमआय लावा आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. बायोसचा पडदा दिसला की बंद करा, प्लग काढा, आणि मगच कॅबिनेटमध्ये हलवा.

डिस्प्ले आला नाही तर या क्रमाने बघा: प्रोसेसरची वीज लावायची राहिली का (सगळ्यात जास्त हेच होतं), रॅम काढून पुन्हा बसवा, मग एकच पट्टी एकेका स्लॉटमध्ये. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो, तेवढं थांबा.

कॅबिनेटमध्ये आधी मागच्या पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी, मग बोर्ड. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच पितळी खुंटी हवी. एखादी जादा राहिली तर ती बोर्डाच्या मागून शॉर्ट करते आणि बाहेर चालणारं मशीन आत मुकं होतं.

घरात ठेवायची जागा

पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि जमिनीवर तर नकोच; दमट हवा आणि मुंग्या दोन्ही खालून येतात. कौलारू घरात मागच्या मोकळ्या स्लॉटवरच्या पट्ट्या सगळ्या लावलेल्या असू द्या, नाहीतर पाल आत शिरते आणि एसएमपीएसच्या पंख्यात अडकते. जून ते सप्टेंबर वापर नसला तरी रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा, आतल्या उबेने ओल बसत नाही. महिनाभर बंद ठेवलेल्या मशीनमध्ये रॅमच्या सोनेरी पट्टीवर धूसर थर चढतो आणि डिस्प्ले जातो. पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून कण झटकले की बहुतेक वेळा येतो.

मे अखेरच्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि लॅनची तारही. हे दुसरं लोक विसरतात. फायबर काचेचा असल्याने त्यातून वीज येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर भिंतीला लागलेला असतो आणि तिथून लॅनच्या तारेने ती बोर्डापर्यंत पोचते. लॅन मात्र घ्याच. एच६१०च्या स्वस्त बोर्डांना वायफाय नसतं आणि चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय नीट पोचतही नाही.

विकत कुठून?

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव कुठेही घ्या किंवा ऑनलाइन. चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन हजार-पाचशे वाचतात, पण बिघडलेला बोर्ड घेऊन पुन्हा तोच घाट चढायचा आहे हे धरून किंमत ठरवा. आमचं मत: बोर्ड, एसएमपीएस आणि यूपीएस जवळच्या दुकानातून, बाकी जिथे स्वस्त तिथून. बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर. ऑनलाइन आलेलं खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, सिरियल नंबर दिसेल असा.

‘सहाव्या पिढीचा ऑफिसचा डेस्कटॉप निम्म्या पैशांत’ असं कुणी सुचवेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. टॅली चालवायचं असल्याने तुम्हाला विंडोज लागणारच. दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो ते बहुतेक चोरीचं असतं, आणि बाबांच्या दुकानाचे हिशेब त्यावर ठेवू नयेत. लायसनचे पैसे ४५ हजारांत धरलेले नाहीत, ते वेगळे काढा.

मशीन उभं राहिलं की पहिल्याच आठवड्यात त्याला राबवून घ्या: दोन तास सलग रेंडर लावा, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पट्टीवर छापल्याएवढा दिसतो का बघा (कमी दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग, चालू करा; या प्रोसेसर-बोर्डावर डीडीआर४ ३२०० आणि डीडीआर५ ४८००च्या वर मात्र जात नाही), आणि यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून मशीन टिकतं का तपासा. ऑनलाइन घेतलेला पार्ट परत करण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांचीच असते, आणि त्यानंतर सापडलेला दोष सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातो.